म्हाताऱ्या शिपायाला मारू नका, रिटायर करा

रोमन सैन्यावरच्या कादंबऱ्यांत एक म्हातारा शिपाई हमखास असतो. गालावर व्रण, तोंडात शिव्या, पोटात माया. नव्या पोरांना ढाल धरायला शिकवतो, रात्री शेकोटीपाशी दोन-चार तत्त्वज्ञानाची वाक्यं टाकतो आणि शेवटच्या लढाईत हीरोसाठी मरतो. (रिटायरमेंटला दोनच महिने उरलेले असतात, हे काय सांगायला हवं?) वैताग आलाय मला या म्हाताऱ्याचा.

कारण खरा म्हातारा याच्यापेक्षा शंभरपट भारी होता. टॅसिटसच्या 'ॲनल्स'चं पहिलंच पुस्तक काढा. इ.स. १४. ऑगस्टस नुकताच गेलाय, ऱ्हाईनवरच्या फौजा बिथरल्यात. जर्मॅनिकस समजूत घालायला येतो. काहीजण त्याचा हात धरतात, जणू आता चुंबन घेणार... आणि त्याची बोटं स्वतःच्या तोंडात घालतात. आत दात उरले नाहीत, हे त्याला हाताला लागावं म्हणून! आता सांगा, कुठल्या कादंबरीत आहे असा सीन?

भानगड पैशांची होती. नोकरी मुळात १६ वर्षांची, इ.स. ५ मध्ये ती २० केली. सुटताना १२,००० सेस्टर्स मिळायचे, म्हणजे साधारण १३ वर्षांचा पगार. त्यासाठी वेगळा खजिना काढला, वारसाहक्कावर ५ टक्के कर लावला. पण माणूस सोडला की पैसे मोजावे लागणार ना? मग सोडायचाच नाही! कागदोपत्री सुटका झालेले लोकही वेगळ्या नावाच्या तुकडीत तीच हमाली करत बसायचे. सुएटोनियस तर टायबेरियसबद्दल सरळ लिहितो की तो जुन्या शिपायांना क्वचितच सोडायचा, कारण ते म्हातारपणाने मेले तर पैसे वाचत. टॅसिटस आणि सुएटोनियस, दोघंही काही शिपायांचे वकील नव्हेत बरं का. टॅसिटस चांगला सिनेटर होता, बंडखोरांचा त्याला तिटकाराच. तरीही त्याला हे लिहावंसं वाटलं.

"पण लढाई नसेल तर वाचणार कोण?" अहो, लढाई हवीये? त्याच वर्षी पॅनोनियात शिपायांनी एका सेंच्युरियनला ठार केलं. त्याचं टोपणनाव 'दुसरी आण'. पाठीवर छडी मोडली की तो दुसरी मागवायचा. यात नाट्य कमी पडतंय का? जर्मॅनिकसने दिलेली सवलत पुढच्याच वर्षी टायबेरियसने काढून घेतली. घ्या, क्लायमॅक्ससुद्धा तयार आहे.

आणि अगदी साधं काही हवं असेल तर मसाडाला सापडलेली पे-स्लिप घ्या. इ.स. ७० नंतरची, गायस मेसियस नावाच्या शिपायाची. पगार ५० दिनार. कपात: घोड्याबिड्याचे जव १६, जेवण २०, बूट ५, चामड्याचे पट्टे २, अंगरखा ७. करा बेरीज.