विषाणूची चाकरी आणि योजनेची मर्यादा

ज्याच्या नुसत्या नावाने एका पिढीची झोप उडाली, त्या एचआयव्हीपासूनच घडविलेला, परंतु रोगकारक जनुके काढून घेऊन निरुपद्रवी केलेला विषाणू आज कर्करोग्यांच्या चाकरीस रुजू झाला आहे. आयआयटी मुंबईतील डॉ. राहुल पुरवार यांची प्रयोगशाळा व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून सिद्ध झालेल्या नेक्सकार-19 या उपचारास ऑक्टोबर 2023 मध्ये मंजुरी मिळाली आणि 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढावयाच्या, प्रयोगशाळेत या विषाणूकरवी त्यांत नवे जनुक पोचते करावयाचे, आणि कर्कपेशींवरील सीडी-19 हे प्रथिन ओळखू लागलेल्या त्या पेशी संख्येने वाढवून शिरेवाटे त्याच देहात परत सोडावयाच्या, असा हा व्यवहार आहे.

हा रामबाण नव्हे. काही रक्तकर्करोग व लसिकाग्रंथींचे कर्करोग, तेही अन्य उपचार हरल्यावर, एवढाच त्याचा इलाखा. मात्र त्या इलाख्यात, चाचण्यांतील सुमारे 73 टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला.

परदेशात तीन-चार कोटींना पडणारा उपचार येथे तीस-चाळीस लाखांत होतो, हे आपण अभिमानाने सांगतो, आणि तो अभिमान रास्तही आहे. परंतु छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे अवघा महाराष्ट्र ज्या वढू बुद्रुकची वाट जाणतो, तेथला शेतकरी आपली ऐपत अमेरिकेच्या दराशी ताडून पाहत नाही. त्याच्यापुढे असतो सातबारा, त्यावर चढलेला सोसायटीचा बोजा, आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांची मर्यादा.

टाटा स्मारक केंद्र अणुऊर्जा विभागाचे, आयआयटी केंद्र सरकारची; तेव्हा या शोधाच्या पायात सामान्य करदात्याचा पैसा आहे, हे विसरून चालणार नाही. म्हणून राज्य सरकारने काही वर्षांची एकत्रित मागणी नोंदवून उत्पादकाशी दर ठरवावा, त्यासाठी स्वतंत्र निधीची तरतूद करावी, आणि रुग्णाची निवड आमदाराच्या शिफारसपत्रावरून नव्हे, तर तज्ज्ञ डॉक्टरांच्या अभिप्रायावरून व्हावी. अर्जाचा निकाल पंधरवड्याच्या आत लागावा. कारण या रुग्णांचा आजार आधीच उलटलेला असतो, आणि मंजुरीनंतरही पेशी तयार होण्यास काही आठवडे लागतातच.