वजन उतरावे, बळ नव्हे

ट्रॅक्टर आला, विहिरीवर मोटार बसली, दारात मोटारसायकल उभी राहिली. कष्ट कमी झाले हे चांगलेच. पण भाकरी पूर्वीइतकीच राहिली. मग पोट सुटते, गुडघे कुरकुरतात आणि डॉक्टर वजन उतरवायला सांगतात.

अशा वेळी पुष्कळजण एक वेळचे जेवण सोडून नुसते चालत सुटतात. काटा खाली येतो, पण चरबीबरोबर अंगातले मांसही झडते. चालण्याने दम वाढतो. बळ टिकवायचे तर स्नायूंवर भार पडायला हवा. दोन्हींची जोड घालावी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेले माप सोपे आहे. आठवड्यात किमान १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, झपाझप चालावे. बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतकी चाल असावी. शिवाय किमान दोन दिवस बळाचा व्यायाम करावा. त्यासाठी आपल्या तालमीतले जोर-बैठका आहेतच. न जमल्यास भिंतीला हात टेकून जोर काढावेत, बाजेवरून हात न टेकता उठबस करावी. माय-भगिनींनीही हे करावे. पाळी गेल्यावर हाडे ठिसूळ होऊ लागतात, तेव्हा तर याची गरज अधिक.

चहातली साखर आणि तळण कमी करा. डाळ, उसळ, दूध, अंडी सोडू नका. छातीत दुखत असेल किंवा रक्तदाब असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

करगोटा सैल झाला आणि पोते पूर्वीसारखेच उचलले, तर समजावे, चरबीच गेली.