साताऱ्याचा राजवाडा: जुनी वास्तू फक्त दुरुस्त करून भागतं का?

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली. १६५९ ची अफझलखान भेट प्रतापगडाच्या पायथ्याशी, जावळीच्या मुलखात झाली होती. त्यामुळे जावळीचं तालुक्याचं ठिकाण असलेल्या मेढ्यात या वाघनखांविषयी वेगळीच उत्सुकता होती. पण वाघनखं मुदतीवर आणलेली होती. साताऱ्याचा राजवाडा मात्र कायम इथेच राहणार आहे.

राजवाडा महत्त्वाचा का?

छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या काळातला हा जुना राजवाडा १८२४ चा. पुढे इथे सरकारी इंग्रजी शाळा भरू लागली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी याच शाळेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा प्रवेश झाला. २०१७ पासून राज्यात हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळला जातो. शेजारच्या नव्या राजवाड्यात अनेक वर्षं न्यायालय चालत होतं. म्हणजे राजसत्ता, शिक्षण आणि न्याय या तिन्हींचा इतिहास एकाच आवारात आहे.

मुंबईत काय झालं?

भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. नंतर त्याची पडझड झाली. २००३ मध्ये महापालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार झाला. २००५ मध्ये जतनाच्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं. तरीही काही वर्षांनी दुरुस्तीसाठी ते परत बंद ठेवावं लागलं. मुंबई महापालिकेच्या १८९३ च्या मुख्यालयातही जानेवारी २०२१ मध्ये माहिती देणाऱ्या सहली सुरू झाल्या. कामकाज चालू ठेवूनही वास्तू दाखवता येते, हे त्यातून दिसलं.

साताऱ्यासाठी धडा काय?

पहिली गोष्ट, जबाबदारी कोणाची हे कागदावर ठरायला हवं. दुसरी, दुरुस्ती एकदाच होत नाही. साताऱ्याच्या पावसात छप्पर आणि लाकूडकाम दरवर्षी तपासावं लागतं. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला, तर ओल आतच अडकते आणि भिंत खराब होते. तिसरी, आत माहितीचं दालन हवं. नाहीतर पाहुणा दारातून फोटो काढून परततो.

मेढ्याहून एसटीने सहलीला आलेल्या मुलांना भिंती तर दिसतीलच. पण ज्या शाळेत भिवा आंबेडकर शिकला, ती इथेच भरायची, हे त्यांना तिथे कोणीतरी सांगायला हवं. राजवाड्यावर होणारा खर्च सार्थकी लागला की नाही, हे त्यावरूनच ठरेल.