पोतडी उघडली, पण किती?

दरवर्षी फेब्रुवारीच्या आरंभी ज्याची चर्चा घरोघरी होते, तो ‘बजेट’ हा शब्द मराठी संसारातही आता परका राहिलेला नाही. लग्नकार्य असो वा घराची डागडुजी, ‘तेवढे बजेट नाही’ असे सहज म्हटले जाते. या शब्दाचा मूळ अर्थ मात्र ना पैसा, ना खर्च, ना हिशेब. लॅटिनमधील ‘बुल्गा’ म्हणजे चामड्याची थैली. त्यापासून जुन्या फ्रेंच भाषेत लहान थैली या अर्थाचा शब्द झाला आणि पंधराव्या शतकात तो इंग्रजीत आला. फुगवटा या अर्थाचा ‘बल्ज’ हा इंग्रजी शब्दही याच कुळातला.

थैलीचा संबंध राज्यकारभाराशी जडला तो उपहासातून. १७३३ मध्ये पंतप्रधान वॉलपोल यांनी मद्य व तंबाखूवरील अबकारी कराची योजना पुढे आणली, तेव्हा ‘बजेट उघडले’ अशा आशयाच्या नावाची एक पुस्तिका निघाली. तीत वॉलपोल यांना बाजारात पोतडी उघडून रामबाण औषधे विकणाऱ्या भोंदू वैदूची उपमा दिली होती. लोकक्षोभामुळे ती योजना मागे घ्यावी लागली. शब्द मात्र टिकला आणि पुढे सरकारी जमाखर्चाच्या वार्षिक निवेदनाला चिकटला.

भारतात १८६० मध्ये जेम्स विल्सन यांनी पहिले अंदाजपत्रक मांडले आणि प्राप्तिकर आणला, तेव्हा कायदेमंडळात एकही भारतीय सभासद नव्हता. १८९२ च्या कायद्याने अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा मिळाली, पण मत देण्याची नाही. तो अधिकार पुढे दीर्घ लढ्यातून मिळाला. आपल्या राज्यघटनेत ‘बजेट’ हा शब्द नाही. अनुच्छेद ११२ मध्ये ‘वार्षिक वित्तीय विवरणपत्रा’चा उल्लेख आहे. मात्र संसदेने केलेल्या कायद्याविना संचित निधीतून एक पैसाही काढता येणार नाही, हे घटनेने निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

२०१९ मध्ये चामडी बॅगेच्या जागी लाल कापडातील वही आली, २०२१ मध्ये तिच्या जागी टॅब्लेट आला. या बदलांची छायाचित्रे पुष्कळ छापली गेली. परंतु प्रश्न थैली कशाची आहे हा नसून ती किती उघडली जाते, हा आहे. अन्नधान्यावरील अनुदानाचा मोठा भाग काही वर्षे अन्न महामंडळाला अल्पबचत निधीतून कर्ज देऊन भागविण्यात आला. खर्च सरकारचा, कर्ज महामंडळाच्या नावावर. त्यामुळे तो वित्तीय तुटीत दिसत नसे. २०२१ च्या अर्थसंकल्पात ही प्रथा बंद करण्यात आली. कोरोनाकाळातील मोफत धान्य आणि ही जुनी देणी मिळून २०२०-२१ चे अन्न अनुदान मूळ सुमारे १ लाख १६ हजार कोटी रुपयांवरून सुधारित अंदाजात सुमारे ४ लाख २३ हजार कोटींवर गेले. थैलीचा फुगवटा त्या वर्षी दिसला; त्यातला बराच भाग आधीपासूनच होता.

दुसरे असे की, उघडलेली थैली कोणी पाहिली नाही, तर उघडण्याला अर्थ उरत नाही. मार्च २०१८ आणि मार्च २०२३ मध्ये गदारोळात लोकसभेने खात्यांच्या मागण्या चर्चेविना मंजूर केल्या. न चर्चिलेल्या मागण्या एकत्रित मताला टाकण्याच्या या पद्धतीला ‘गिलोटिन’ म्हणतात. नियमांत तिला जागा आहे. पण अपवादाचा परिपाठ होऊ लागला, तर दोष केवळ सरकारचा नव्हे. सभागृह बंद पाडणाऱ्या विरोधकांनाही त्याचा वाटा उचलावा लागेल.

मराठीने या कागदाला आधी ‘अंदाजपत्रक’ म्हटले, नंतर ‘अर्थसंकल्प’. दुसरा शब्द अधिक जबाबदारीचा आहे. अंदाज चुकू शकतो; संकल्प मात्र मोठ्याने उच्चारून, साक्षीने करावयाचा असतो. करदात्याला त्या साक्षीचा हक्क आहे आणि त्याचे प्रतिनिधी तो बजावतात की नाही, हे पाहण्याचे कर्तव्यही त्याचेच आहे.