गिटार चालेल, नाव का पुसता?

‘धम्म विंग्ज’ बँडच्या कबीर शाक्य यांच्यासारखे तरुण बुद्ध-भीमाची गाणी गिटार-ड्रमवर गातात, तेव्हा आमच्यातलेच काही जुने कार्यकर्ते नाक मुरडतात. भीमगीत म्हणजे फक्त ढोलकी, हे ठरवले कोणी? प्रल्हाद शिंदे कव्वालीच्या पार्टीत घडले. विठ्ठल उमपांनी गोंधळ, कव्वाली, गझल एकाच गळ्यात नांदवली. ब्लूज हे तर अमेरिकेत कापसाच्या शेतांत राबलेल्या काळ्या माणसांचे गाणे. त्यांच्या युनोतील अर्जाच्या प्रती बाबासाहेबांनी १९४६ साली डु बॉइस यांना पत्र लिहून मागितल्या. १९७२ साली पँथर उभी राहिली. गिटार आम्हाला परकी नाही.

आमचे दुखणे वेगळेच आहे. राहनाळच्या गोदामांत दिवसभर माल उतरवणारी आमची पोरे मोबाईलवर भीमगीतांचे मिक्स ऐकतात. त्यावर डीजेचे नाव ठळक. २००४ साली हजारो गाणी मागे ठेवून गेलेल्या वामनदादा कर्डकांचे मात्र नाव नाही! काय मिसळायचे ते खुशाल मिसळा. पण कवीचे, मूळ गायकाचे नाव आधी टाका. कमाई झाली तर त्यांच्या घरी वाटा पोहोचवा. जयंती मंडळांनीही गाणे लावण्यापूर्वी माईकवरून कवीचे नाव घ्यावे. त्याला वर्गणी लागत नाही.