वस्तऱ्याइतकाच पट्टा जपा

माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांचा वस्तरा सापडतो आणि हौसेनं त्यानं दाढी सुरू होते. जाणकाराकडून तो एकदा दगडावर लावून घ्यायचा, इथपर्यंत ठीक. पण आठवड्याभरात केस ओढले जाऊ लागले की लोक स्वतःच पुन्हा दगड हातात घेतात. कृपा करून तसं करू नका. दर वेळी दगड पोलाद खातो. दाढीनं धार संपत नाही, डोळ्यांना दिसणार नाही इतकी वाकते. ती सरळ करायला चामड्याचा पट्टा असतो. तो रोज नीट वापरला तर दगडाची गरज कित्येक महिने पडत नाही.

पट्टा खुंटीला अडकवून दुसरं टोक ताणून धरा. झोळ पडला की धार गोलावते. वस्तरा आडवा, पाठ आणि धार दोन्ही चामड्याला टेकलेली. सरकताना पाठ पुढे, धार मागे. टोकाला पोचलात की तो पाठीवरच उलटवा. धारेवर उलटला तर चामड्याला चीर पडलीच म्हणून समजा. माझा पहिला पट्टा असाच गेला. जोर अजिबात नको. घाईही नको, हात बसला की वेग आपोआप येतो. दाढीआधी 40-50 फेऱ्या पुरतात. जोडीला कापडी पट्टा असेल तर आधी त्यावर 20. पट्टा पात्याहून अरुंद असेल तर वस्तरा थोडा तिरका ओढा, म्हणजे पूर्ण धार चामड्यावरून जाते.

वापरण्यापूर्वी कोरड्या तळहातानं पट्टा चोळा. धूळ निघते आणि हाताचा तेलकटपणा चामड्याला पुरतो. तेलाची बाटली उपडी करू नका. धार घासायची हिरवी पेस्ट वापरायची तर तिला वेगळा पट्टा ठेवा.

पावसाळ्यात, कोकणात तर नक्कीच, न्हाणीघरातल्या पट्ट्याला बुरशी धरते आणि वस्तऱ्याला गंज. दोन्ही कोरड्या, हवेशीर खोलीत ठेवा. पट्टा टांगलेलाच असू द्या, घडी घातली की रेघ जात नाही.

आणि हे दोन्ही एकट्याचेच ठेवा, सख्ख्या भावालाही देऊ नका. न दिसणाऱ्या रक्ताच्या थेंबातूनही हिपॅटायटिस बी आणि सी पसरू शकतात. सलूनमध्ये बसलात तर नवं ब्लेड तुमच्या डोळ्यांसमोर कागदातून काढायला सांगा. त्यात संकोच कसला?