स्कॅनची घाई आणि थांबण्याची जबाबदारी

दोन-अडीच वर्षांचे मूल तापातून किंवा कांजिण्यांतून उठते, पुन्हा खाऊ-खेळू लागते आणि एका सकाळी पलंगावरून उतरताच झोकांड्या देते. पाय फाकवून चालते, वळताना धडपडते, बिस्किटाकडे नेलेला हात बिस्किटाच्या पुढे जातो. कालपर्यंत घरभर धावणाऱ्या मुलाची ही अवस्था पाहून आईवडिलांच्या पोटात गोळा आला नाही तरच नवल. मेंदूचा स्कॅन लगेच करायचा की काही दिवस थांबून पाहायचे, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. त्यावर बालरोगतज्ज्ञांतही एकमत नाही, आणि दोन्ही मतांमागे ठोस कारणे आहेत.

थांबा म्हणणाऱ्यांची बाजू आधी पाहू. तोल आणि हालचालींतला मेळ सांभाळण्याचे काम डोक्याच्या मागच्या भागातला लहान मेंदू करतो. विषाणूशी लढणारी प्रतिकारशक्ती कधीकधी आजार ओसरल्यावर याच भागाला त्रास देते. वैद्यकात याला ‘अक्यूट सेरेबेलर अटॅक्सिया’ म्हणतात. सहा वर्षांच्या आतल्या मुलांत तो अधिक दिसतो. कांजिण्या हे त्याचे जुने, ओळखीचे कारण. कांजिण्या झालेल्या सुमारे ४,००० मुलांमागे एखाद्याला हा त्रास होतो, असा ढोबळ हिशेब पाठ्यपुस्तकांत असतो. आजार दिसायला भयंकर असला तरी बहुतेक मुले दोन-तीन आठवड्यांत सावरतात, काहींना दोन-तीन महिने लागतात. सहसा खास औषध लागत नाही. जे आपोआप बरे होणार त्यासाठी मुलाला यंत्रात का घालायचे, हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे.

दुसरीकडे, ‘बहुतेक’ या शब्दात सगळी मुले येत नाहीत. लहान मेंदूजवळची गाठ, त्या भागाला आलेली मोठी सूज किंवा मेंदूच्या आवरणांचा संसर्ग यांतही तोल जातो, आणि तिथे उशीर महागात पडतो. शिवाय नुकताच सर्दी-ताप होऊन गेला, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. या वयाच्या मुलाला पावसाळ्यात महिन्याआड सर्दी होतेच, त्यामुळे कुठलाही आजार ‘विषाणूनंतरचा’ ठरवता येतो. ब्रिटनमध्ये मुलांच्या मेंदूतील गाठींचे निदान होण्यास एकेकाळी सरासरी चौदा आठवड्यांहून अधिक काळ लागत असे. २०११ साली सुरू झालेल्या ‘हेडस्मार्ट’ मोहिमेने पालक आणि डॉक्टर दोघांनाही लक्षणे ओळखायला शिकवली, आणि हा काळ सात आठवड्यांच्या आत आला. लवकर तपासणी करण्याचा आग्रह धरणाऱ्यांना केवळ घाबरट म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे ठरेल.

तथापि, स्कॅनलाही किंमत आहे, आणि ती फक्त पैशांची नाही. सीटी स्कॅन झटपट होतो, पण कवटीच्या जाड हाडांमुळे लहान मेंदूचा भाग त्यात स्वच्छ दिसत नाही. त्यात किरणोत्सर्गही आहे. ब्रिटनमधल्या पावणेदोन लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवरून २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये अंदाज मांडला गेला : दहा वर्षांच्या आत डोक्याचा सीटी झालेल्या दर १०,००० मुलांमागे पुढच्या दशकात रक्ताच्या कर्करोगाचा एक आणि मेंदूच्या गाठीचा एक रुग्ण जादा. धोका अगदी छोटा आहे, पण शून्य नाही. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नसतो आणि चित्रही चांगले येते. मात्र त्यासाठी बराच वेळ निश्चल पडून राहावे लागते, आणि दोन वर्षांचे मूल भूल दिल्याशिवाय तसे पडून राहत नाही.

भुलेच्या भीतीचाही बाऊ करू नये. तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा तीन तासांहून अधिक भूल देण्याबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली इशारा दिला होता. एकदाच दिलेल्या थोड्या वेळाच्या भुलेबाबत मात्र आजवरचे पुरावे दिलासा देणारे आहेत. प्रत्यक्षात अडचण वेगळीच असते. मुलाच्या श्वासावर लक्ष ठेवणारा, लहान मुलांना भूल देण्याचा सराव असलेला डॉक्टर त्या केंद्रावर त्या वेळी आहे का? मोठ्या शहरात याचे उत्तर ‘हो’ असू शकते. तालुक्याच्या ठिकाणी बहुधा ‘नाही’.

थांबण्याच्या बाजूने सगळ्यात वजनदार मुद्दा मात्र निराळा आहे : मेंदूचा स्कॅन काही आजार दाखवतच नाही. जानेवारी २०२५मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण झपाट्याने वाढले, तेव्हा हे नाव घराघरांत पोहोचले. त्या आजारात पायांतली ताकद जाते आणि गुडघ्यावर हातोडीने ठोकल्यावर येणारा झटका नाहीसा होतो. मेंदूच्या सीटीत काही सापडत नाही. आजीच्या झोपेच्या किंवा घरातल्या कोणाच्या फिटच्या गोळ्या मुलाने गिळल्या असतील, तरी स्कॅन साधा येतो. तिथे औषधांचा डबा उघडून गोळ्या मोजणे जास्त उपयोगी. डोळे सैरभैर उडत असतील आणि हातपाय दचकत असतील, तर मूळ कधीकधी पोटातल्या किंवा छातीतल्या गाठीत असते. आणि मूल नुसते लंगडत असेल, तर दुखणे तोलाचे नसून खुब्याच्या सांध्याचे असू शकते. सर्दी-तापानंतर तोही काही दिवस सुजतो. अशा वेळी ‘स्कॅन नॉर्मल’ हे दोन शब्द घराला खोटा धीर देऊ शकतात.

पण या युक्तिवादात एक गृहीत आहे : तपासणारा हात सरावलेला आहे आणि त्याच्याकडे वेळ आहे. बाहेर चाळीस पेशंट बसलेले, मूल रडून लाथा झाडते आहे, अशा ओपीडीत गुडघ्याचा झटका तपासणे सोपे नाही. मूल शांत होईपर्यंत थांबणे, त्याला आईकडून बाबांकडे चालायला लावणे, मांडीवर बसवून खेळण्याकडे जाणारा हात पाहणे, डोळ्याच्या पडद्यात डोकावणे, याला पंधरा-वीस मिनिटे लागतात. त्यातच १९९५ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. फाइलमध्ये रिपोर्ट असलेला बरा, असे एखाद्या डॉक्टरला वाटले तर त्यामागे लोभच असतो असे नाही. त्याच वेळी, ज्या घराला उसनवारी करून तो रिपोर्ट आणावा लागतो, त्याची तक्रारही खोटी नाही.

अंतराचा मुद्दाही यात येतो. पुण्या-नाशिकच्या पालकांना ‘उद्या सकाळी परत दाखवा’ म्हणजे एक रिक्षाफेरी. भामरागडच्या आतल्या गावातून गडचिरोली आणि तिथून नागपूर गाठणाऱ्या घराला तीच सूचना पाळता येत नाही. एकीकडे, अशा मुलाला लवकर मोठ्या रुग्णालयात पाठवणे शहाणपणाचे, कारण वाटेत बिघडले तर हाताशी कोणी नाही. दुसरीकडे, तो प्रवास म्हणजे आठवड्याची बुडालेली मजुरी आणि घरी राहिलेल्या भावंडांची आबाळ. शहराचा नियम जसाच्या तसा तिथे लावता येणार नाही.

हे सगळे तोलून पाहता आमचा कौल सरसकट स्कॅनच्या विरोधात पडतो, पण सरसकट थांबण्याच्या बाजूनेही पडत नाही. मूल शुद्धीत आहे, खेळते-बोलते आहे, ताकद आणि गुडघ्याचे झटके शाबूत आहेत, ताप उतरला आहे, कांजिण्यांसारखा आजार नुकताच होऊन गेला आहे आणि गोळ्या गिळल्याची शंका नाही, अशा मुलाच्या बाबतीत थांबणे योग्य आहे. उलट सकाळच्या उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, फिट, डोक्याला मार, मान एका बाजूला कलती ठेवणे, शरीराची एकच बाजू लटकी पडणे किंवा दिवसागणिक वाढत जाणारा त्रास, यांपैकी काहीही दिसले तर स्कॅनसाठी त्याच दिवशी पाठवावे, आणि शक्य तिथे एमआरआयच निवडावा. पाय लुळे पडत असतील, गिळताना ठसका लागत असेल किंवा श्वास उथळ होत असेल, तर स्कॅनची चर्चा बाजूला ठेवून थेट अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय गाठावे.

आता थांबणे म्हणजे काय, हेही ठरवावे लागेल. ‘बघू, होईल बरं’ म्हणून घरी पाठवणे हे थांबणे नव्हे. पुढच्या तपासणीची तारीख, धोक्याची लक्षणे आणि रात्री फोन कुठे करायचा, हे मराठीत लिहिलेला कागद पालकांच्या हातात पडला पाहिजे. पहिल्या एक-दोन दिवसांत मूल पुन्हा पाहिले गेले पाहिजे. हे आपल्या व्यवस्थेच्या आवाक्याबाहेरचे नाही. पंधरा वर्षांखालच्या मुलाचे हातपाय अचानक लुळे पडले की पोलिओच्या शंकेने त्याची नोंद करायची, चौदा दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने पाठवायचे आणि गरजेनुसार साठाव्या दिवशी पुन्हा तपासायचे, ही शिस्त याच देशाने खेड्यापाड्यांत पाळली. २०११च्या जानेवारीनंतर भारतात वन्य पोलिओचा रुग्ण आढळला नाही, त्यात लसीइतकाच या चिकाटीचाही वाटा आहे.

या निष्कर्षाशी असहमत होणारे डॉक्टर आणि पालक असतील. हजारांतले एक मूल आपले निघाले तर, या प्रश्नाला आकडेवारीचे उत्तर अपुरेच पडते. तरीही प्रत्येक मुलाला यंत्राकडे पाठवल्याने तो प्रश्न सुटत नाही, कारण निम्मी भीती यंत्राला दिसत नाही. ज्या डॉक्टरने नीट तपासले आहे आणि जो उद्या पुन्हा तपासणार आहे, त्यालाच ‘थांबू या’ म्हणण्याचा अधिकार आहे. ज्याला यांपैकी एकही जमणार नाही, त्याने मूल पुढे पाठवावे आणि त्यात कमीपणा मानू नये.